ऐकणाऱ्याचा हात बटणाकडे जाऊ नये म्हणून

आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी निवेदिका म्हणून आले. मायक्रोफोनसमोर बसायचं, बोलायचं, आणि बोललेलं जसंच्या तसं ट्रान्समीटरमधून गावोगावी जाणार, एवढीच माझी समजूत होती. केंद्राचं तांत्रिक काम बघणारे अण्णा आता थकत चालले आहेत. "ताई, हे पण शिकून घ्या," म्हणत त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये एक संगणक होता आणि पडद्यावर रंगीत उभे पट्टे एकसारखे वर-खाली होत होते. मी उच्चारलेला प्रत्येक शब्द त्या पट्ट्यांतून जाऊन, कुठे दाबला जाऊन, कुठे उचलला जाऊन, वरून थोडा छाटला जाऊन मग अँटेनाकडे जात होता. लोक माझा म्हणून जो आवाज ओळखत होते, तो निम्माअधिक या खोलीत घडत होता.

पडद्यावरचे शब्द असे होते: थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज, गेट, लिमिटर, क्लिपर, प्री-एम्फसिस. प्रत्येकापुढे एक आकडा. कुठलाही आकडा हलवला की काहीतरी बदलायचं, पण ते सुधारलं की बिघडलं हे मला सांगता येईना. बदल ऐकू येत होता, त्याला नाव देता येत नव्हतं. शिवाय कानाची एक खोड आहे: तेच वाक्य जरा मोठ्याने लावलं की ते चांगलंच वाटतं. म्हणजे ज्या बटणाने आवाज वाढतो ते प्रत्येक बटण बरोबरच वाटणार. अण्णांनी पहिला नियम घातला तो यावरच. "आधी दोन्हींची लेव्हल सारखी करा, मग कुठलं चांगलं ते बोला." हा नियम पाळायला लागल्यावर सुधारणा वाटणाऱ्या निम्म्या गोष्टी गळून पडल्या.

मुळात हे सगळं करायचं कशासाठी? आवाज नैसर्गिक का जाऊ देत नाही? हा प्रश्न मी अण्णांना बऱ्याच वेळा विचारला, आणि उत्तर मला शेवटी श्रोत्यांकडून मिळालं. आमचं केंद्र सोलापूर जिल्ह्यात, पालखीच्या वाटेवर आहे. सामुदायिक रेडिओला आपल्याकडे १०० वॅटपर्यंत प्रसारणशक्ती मिळते आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपेक्षा उंच चालत नाही. एवढ्यात आसपासची गावं नीट मिळतात, पुढे खरखर सुरू होते. आणि आमचा श्रोता काही शांत खोलीत हेडफोन लावून बसलेला नसतो. कुणी उसाला पाणी देत असतं, शेजारी मोटर चालू असते. कुणी भाकऱ्या थापत असतं. कुणी दुचाकीवर असतं आणि मोबाइल खिशात असतो.

आता मराठी बोलणं कसं चालतं बघा. आपण वाक्याला जोरात सुरुवात करतो आणि शेवटाला आवाज सोडून देतो. पण आपलं क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेवटी. 'या अवस्थेत फवारणी करा' आणि 'या अवस्थेत फवारणी करू नका' यांतला सगळा फरक त्या खाली गेलेल्या टोकात असतो, आणि मोटरीचा आवाज नेमकं तेच टोक गिळतो. पिकाच्या सल्ल्याचा कार्यक्रम झाल्यावर "करायची म्हणालात का नको म्हणालात?" असं विचारणारे फोन आम्हाला येत. ते मला आठवले आणि कॉम्प्रेसर कशासाठी असतो हे एकदम उमगलं.

कॉम्प्रेसरचं काम सांगायला सोपं आहे. एक पातळी ठरवायची, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आवाज तिच्यावर गेला की तो किती आवरायचा ते रेशो ठरवतो. रेशो ४:१ असेल तर पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. उंच भाग असा आवरला की सगळाच आवाज थोडा वर उचलायला जागा होते, आणि त्याबरोबर वाक्याचं ते पडलेलं टोकही वर येतं. अवघड भाग पुढे आहे. दाब किती लवकर बसावा म्हणजे अटॅक, आणि किती वेळाने सुटावा म्हणजे रिलीज. दाब फार लवकर बसला तर ट, क, प यांची धार जाते आणि बोलणं बोथट होतं. फार लवकर सुटला तर दोन शब्दांमधला श्वास आणि पंख्याची घरघर उसळून वर येते. फार उशिरा सुटला तर पाहुणे खदखदून हसल्यानंतरचं पुढचं वाक्य दबलेलंच राहतं. हे सगळं सेकंदाच्या छोट्या छोट्या अंशांत घडतं. आकड्यांवरून मला ते कधी कळलं नसतं. अण्णा एकच वाक्य पुन्हा पुन्हा लावायचे, एकच बटण टोकापर्यंत न्यायचे, आणि बिघडलेला आवाज कसा असतो तो आधी कानात बसवायचे. शिकवायची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. चांगला आवाज ओळखता येण्याआधी बिघाडाची जात ओळखता यावी लागते.

कॉम्प्रेसरच्याही आधी एक सावकाश काम करणारा टप्पा असतो, स्वयंचलित लेव्हलचा. आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवर बोट ठेवून जाणता माणूस बसावा, तसं ते काम. एक पाहुणा पुटपुटतो, दुसरा सभेत बोलल्यासारखा बोलतो. हा टप्पा दोघांना सावकाश एका पातळीवर आणतो. पूर्वी हे खरोखर माणूसच करत असे. त्यासाठीचं यंत्र अमेरिकेत सीबीएस लॅबोरेटरीजने १९६० च्या आसपास आणलं, ऑडिमॅक्स नावाचं. पुढे १९७५ मध्ये बॉब ऑर्बन यांनी ऑप्टिमॉड ८००० आणला. त्यात लिमिटर, म्हणजे आवाजाला ठरावीक छताच्या वर जाऊ न देणारा भाग, आणि एफएमचा स्टिरिओ संकेत बनवणारा भाग त्यांनी एकाच पेटीत जुळवला. आज तेच सगळं साध्या संगणकावर चालतं. नेदरलँड्सच्या हान्स व्हान झुटफेन यांचं 'स्टिरिओ टूल' हे त्यातलं माहितीतलं नाव.

या सावकाश हाताला एक गोष्ट समजत नाही: शांतता. माणूस आठवत आठवत बोलतो, मध्ये थांबतो. यंत्राला वाटतं आवाज कमी झाला, म्हणून ते उचलत जातं, आणि त्या थांबण्यात पंखा, रस्त्यावरची एसटी, लांबचा कोंबडा असं सगळं हळूहळू फुगत येतं. म्हणून ठरावीक पातळीच्या खाली आवाज गेला की यंत्राने हात जागच्या जागी थांबवायचा, अशी सोय त्यात असते. ही पातळी आम्ही कार्यक्रमाप्रमाणे बदलतो. स्वातंत्र्यानंतरच्या दुष्काळांच्या आठवणी सांगणारा म्हातारा माणूस आणि बाजारभाव वाचणारा निवेदक यांच्या थांबण्यात फार फरक असतो.

पुढचा टप्पा पट्ट्यांचा. आवाज खालचा, मधला, वरचा असा तीन ते पाच पट्ट्यांत तोडून प्रत्येकाला स्वतंत्र दाबायचं. याची गरज ढोलकीने समजते. एकाच पट्ट्यात सगळं दाबलं तर ढोलकीच्या प्रत्येक थापेला कॉम्प्रेसर बसतो आणि गाणाऱ्या बाईचा आवाजही थापेबरोबर खाली-वर होतो. त्याला पंपिंग म्हणतात. एकदा कानाला कळलं की मग ते सहन होत नाही. पट्टे वेगळे असले की थाप आपल्या पट्ट्यात आवरली जाते, गळा मोकळा राहतो.

सगळ्यात जास्त गोंधळ माझा झाला तो टाळांनी. आषाढात दिंड्या येतात आणि आम्ही अभंग मुद्रित करतो. हेडफोनमध्ये सुंदर वाटणारं मुद्रण एफएमवर लावलं की टाळ वाजला रे वाजला, अभंग म्हणणाऱ्या बुवांचा आवाज मागे जायचा. ढोलकीसारखंच हे वाटलं, पण पट्टे वेगळे करूनही जाईना. याचं कारण प्री-एम्फसिस नावाच्या एका जुन्या युक्तीत आहे. एफएममध्ये खरखर उंच स्वरांच्या भागात जास्त असते. म्हणून पाठवताना उंच स्वर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि श्रोत्याच्या रेडिओत ते तेवढेच कमी केले जातात; त्यांच्याबरोबर खरखरही कमी होते. आपल्याकडे आणि युरोपात याचं माप ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. ५० मायक्रोसेकंद म्हणजे साधारण ३ हजार हर्ट्झच्या वर चढण सुरू होते, १० हजार हर्ट्झला वाढ १० डेसिबलच्या वर जाते आणि १५ हजारला जवळजवळ १४ डेसिबल होते.

दुसरीकडे एफएमला एक छत आहे. वाहक लहरीची वारंवारता दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपेक्षा जास्त हलता कामा नये. बोलण्यात उंच स्वर मुळातच कमी असतात, त्यामुळे वाढवले तरी छताखाली राहतात. पण पितळी टाळांचा सगळा जीव वरच्या स्वरांत. डझनभर जोड्या एकदम वाजल्या आणि त्यावर हे १०-१२ डेसिबल चढले की आवाज छताला धडकतो, आणि शेवटचा लिमिटर छत सांभाळायला सगळाच आवाज खाली ओढतो, बुवांसकट. उपाय आहे: उंच स्वरांसाठी वेगळा लिमिटर, म्हणजे धडक टाळांची आणि शिक्षाही टाळांनाच. पण आम्हाला त्याहून जास्त फायदा झाला तो मायक्रोफोन बुवांच्या जवळ आणि टाळकऱ्यांपासून लांब नेल्याने. 'स' आणि 'श' यांचंही असंच, थोड्या प्रमाणात. काही जणांचा 'स' इतका टोचतो की तेवढ्या भागापुरता दाब देणारा डी-एसर लावावा लागतो. तो जास्त झाला की मात्र माणूस बोबडा वाटायला लागतो, आणि कुणालाही बोबडं करण्यापेक्षा थोडा टोचणारा 'स' मी पत्करते.

लिमिटरनंतरचा क्लिपर म्हणजे आवाजाची वर आलेली टोकं सरळ कापणं. एफएमवर थोडं कापलेलं ऐकू येत नाही आणि तेवढी लेव्हल वाढवता येते, म्हणून बरीच केंद्रं ते करतात. जास्त कापलं की आवाज फाटतो. मोठ्या शहरांतल्या काही व्यावसायिक वाहिन्या पाच मिनिटं ऐकल्यावर डोकं का दुखतं याचं मला कळलेलं कारण हेच: तिथे कुठलाही स्वर कधी खालीच येत नाही. शेजारच्या वाहिनीपेक्षा मोठं ऐकू यायचं, या हट्टात सगळं छतापाशी नेऊन ठेवलेलं असतं. श्रोता वैतागतो, पण का ते त्याला सांगता येत नाही. तो बंद करतो.

आमच्या भागातली पुष्कळ मुलं-मुली पुण्यात, पिंपरी-चिंचवडला कामाला आहेत. ती आमचं प्रसारण इंटरनेटवर ऐकतात. एफएमला जाणाराच आवाज पूर्वी तिकडेही जायचा आणि किरकिरा वाटायचा, विशेषतः गाण्यांत. स्ट्रीमला प्री-एम्फसिस नको, क्लिपरही नको. टोकं कापली की मूळ आवाजात नसलेले नवे स्वर तयार होतात, आणि थोड्या बिटांत आवाज बसवणारा एन्कोडर आपली शिल्लक त्या कचऱ्यावर खर्च करतो. गळ्यासाठी उरत नाही. त्यामुळे स्ट्रीमसाठी आता वेगळी वाट आहे. तिथे जरा पुढचं बघून आवरणारा लिमिटर असतो. तो आवाज काही मिलिसेकंद थांबवून धरतो, टोक येतंय हे आधीच पाहतो आणि हळूच वाट करून देतो. एन्कोडरमधून गेलेला आवाज पुढे उलगडताना टोकं थोडी वाढतात, म्हणून वर १ डेसिबल जागा रिकामी सोडतो.

पॉडकास्टचं गणित आणखी वेगळं. तिथे छतापेक्षा सरासरी जाणवणारी पातळी महत्त्वाची. दोन फायलींची टोकं अगदी एका रेषेत असूनही एक मोठी आणि एक पुटपुटल्यासारखी ऐकू येते, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. टोक क्षणाचं असतं, कान मात्र काही काळाची बेरीज ऐकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये त्या बेरजेचं माप ठरवलं. कानाला कुठले स्वर जास्त जाणवतात याचा ते माप विचार करतं, आणि पुढच्या सुधारणेनंतर लांबलेल्या शांतताही वगळतं. एककाचं नाव एलयूएफएस. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये त्यावर उणे २३ ही पातळी ठरवली. ॲपलच्या पॉडकास्टसाठी शिफारस उणे १६ च्या आसपास आहे, टोक उणे १ डेसिबलच्या आत. एक मेख नवशिक्याने लक्षात ठेवावी: तोच आवाज एकाच वाहिनीच्या मोनो फायलीत मोजला तर ३ ने कमी दिसतो, म्हणून मोनोसाठी उणे १९ धरायचं. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीतही हे माप आहे.

एवढं शिकून झाल्यावर अण्णांनी मला परत मायक्रोफोनपाशी आणलं. "मशीन घाण धूत नाही ताई, मोठी करते." हे वाक्य मी स्टुडिओच्या दारावर लिहून लावलं आहे. कॉम्प्रेसर वाक्याचं टोक उचलतो तसा भिंतीवरून परतणारा आवाजही उचलतो. आम्ही भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या आणि घुमणं लक्षणीय कमी झालं. मुद्रण चालू असताना पंखा बंद. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत, जरा तिरका, म्हणजे फ, भ, प यांची हवा थेट आत जात नाही. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं की टेबलाचे धक्के आणि विजेची ५० हर्ट्झची घूं बरीचशी जाते, आणि बोलण्याचं काही बिघडत नाही. गोंगाट काढणाऱ्या प्रणाली आहेत. खोलीचा नुसता आवाज काही सेकंद मुद्रित करून दिला की त्या तो वजा करतात. पण जरा जास्त वजा केलं की माणसाचा आवाज पत्र्यातून आल्यासारखा होतो. गोधडी जास्त भरवशाची.

माझी खरी परीक्षा जात्यावरच्या ओव्यांची होती. पंचक्रोशीतल्या एका आजींनी त्यांच्या घरी, जातं ओढत ओव्या म्हटल्या. त्यांचा स्वर हळू सुरू होतो, मध्यावर चढतो आणि ओढीबरोबर श्वासात विरतो. नेहमीच्या सेटिंगमधून ते मुद्रण काढलं, तर जातं आणि गळा एकाच पातळीवर आले, श्वास शब्दाएवढा मोठा झाला, आणि ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणारं गेट दोन ओव्यांमध्ये बंद होऊन जात्याची घरघर तुटली. आजी एका जागी बसून गात होत्या, ही जाणीवच त्यातून नाहीशी झाली. पॉडकास्टसाठी आम्ही गेट काढलं, रेशो २:१ वर आणला, रिलीज लांबवला, बाकी काही केलं नाही. एफएमसाठी तेवढ्याने भागेना. बाजारातून आणलेला स्वस्त रेडिओ चहाच्या हॉटेलात ठेवून ऐकला तर ओवीचे पहिले शब्दच हरवत होते. तिथे दाब वाढवावा लागला. आजींनी दोन्ही ऐकलं. मोबाइलवर ऐकवलेलं पॉडकास्टचं त्यांना आवडलं. रेडिओवरचं ऐकून म्हणाल्या, "हा माझाच, पण घाईत गायलेला." मी एकही क्षण वेगाने लावला नव्हता. चढउतार कमी झाले की कानाला घाई वाटते, हे त्यांच्याकडून कळलं.

आता प्रत्येक कार्यक्रम आम्ही हॉटेलातल्या त्या रेडिओवर, एका साध्या मोबाइलच्या स्पीकरवर आणि मग हेडफोनवर, या क्रमाने ऐकतो. तिन्हीकडे बटणाला हात लावावा लागला नाही तर काम झालं असं धरतो. मोठ्याने ऐकू येणं ही कसोटी आम्ही सोडून दिली आहे.

वाचणाऱ्यांना एक विनंती. दाबलेला, कापलेला आवाज पुन्हा उलगडता येत नाही. प्रसारणासाठी आज जे योग्य आहे ते उद्याच्या रेडिओला, उद्याच्या कानाला चालेलच असं नाही. तुमच्या केंद्रावर, शाळेत किंवा घरात कुणा वडीलधाऱ्यांचं बोलणं, गाणं मुद्रित केलेलं असेल तर प्रक्रिया न केलेली मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, नावात माणसाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. जागा वाचवायला एमपी३ करून मूळ पुसू नका.